पाणी वरून येतं

जुनी शिडाची बोट घ्यायचं मनात आलं की पहिले काही महिने आकडे वाचण्यात जातात. एकूण लांबी, पाण्याच्या रेषेवरची लांबी, रुंदी, पाण्याखाली किती फूट, वजन किती, त्यातलं शिसं किती. मेरीलँडच्या हिवाळ्यात संध्याकाळी पाचला अंधार पडतो, त्यामुळे वाचायला वेळही भरपूर. जानेवारी संपेपर्यंत माझी डझनावारी बोटींची मापं तोंडपाठ झाली होती आणि त्यातल्या एकीलाही मी हात लावून पाहिलेलं नव्हतं. नवऱ्याचं म्हणणं, हा छंद बोटींचा नाही, तक्त्यांचा आहे. त्याला लाटांवर मळमळतं, तेव्हा या विषयावरचं त्याचं मत मी निम्म्यानेच धरते.

माझी अट एकच होती: फुल कील. ज्यांचा बोटींशी संबंध भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाण्यापुरता आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हल्लीच्या बहुतेक शिडाच्या बोटींचा तळ बऱ्यापैकी सपाट असतो. त्याच्या मध्यावर खोल, अरुंद पातं बोल्टांनी जोडलेलं असतं आणि सुकाणू मागे वेगळं लटकतं. फुल कीलच्या बोटीत तळच खाली निमुळता होत जातो आणि पुढून मागेपर्यंत सलग राहतो. सुकाणू त्याच्याच मागच्या कडेला बिजागरीवर बसतं आणि इंजिनाचा पंखा दोघांच्या मध्ये कापलेल्या खिडकीत फिरतो. कोकणातले सुतार गलबताचा पठाण घालतात तीच ही कल्पना, फक्त इथे पोटात शिसं किंवा बीड भरलेलं.

अशी बोट सरळ चालते. टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, दोरीने बांधून चहा टाकायला खाली जाता येतं. जमिनीला लागली तर आधी कील लागते, सुकाणू आणि पंखा शाबूत राहतात. चेसापीकचा उपसागर जवळजवळ २०० मैल लांब आणि सरासरी फक्त २१ फूट खोल. त्याच्या खाड्यांमध्ये तर नकाशावर तीन-चार फुटांचे आकडे सर्रास, तेव्हा जमिनीला न लागलेला नाविक इथे बहुधा धक्क्यावरच बांधलेला असतो. शिवाय उन्हाळाभर पाण्यावर खेकड्यांच्या सापळ्यांचे रंगीत बोये विखुरलेले. त्यांचे दोर सलग कीलवरून बहुतेक वेळा घसरून मागे जातात. पातं आणि सुटं सुकाणू असलं की त्यांच्यात गुरफटतात, आणि मग कुणीतरी तोंडात सुरी धरून पाण्यात उतरतं.

आता दुसरी बाजू. पाण्याला घासणारं अंग जास्त, म्हणून ही बोट मंद वाऱ्यात रेंगाळते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये इथे मंद वाराच असतो. पोहावं म्हटलं तर जेलीफिश. मागे घेताना तर ती कुणाचंच ऐकत नाही. सुकाणू कुठेही वळवा, मागचं टोक पंख्याच्या मर्जीने एका बाजूला सरकत राहतं आणि शेजारच्या बोटीतला माणूस गप्प उठून दोन्ही हात पुढे करून उभा राहतो. शहाण्या माणसाने या पाण्यासाठी ऐंशीच्या दशकातली एखादी कॅटालिना घ्यावी. रुंद, हलकी, आत उजेड, स्वस्त. हे मला मान्य आहे आणि तरीही मी ती घेणार नव्हते.

कारण मुंबईतलं आहे. बाबा भाऊच्या धक्क्यावर लाँचच्या इंजिनांची कामं करायचे. कुलाब्याकडे गेलो की ते सांगत, इथे एका गोऱ्या माणसाने सागवानाची बोट बांधून घेतली आणि तिच्यातून एकट्याने जगाला फेरी मारली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तेव्हा ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवर अधिकारी होता. ‘सुहैली’ ३२ फुटांची. मजा अशी की त्याने मागवलेला आराखडा निराळाच होता. टपालाने आला तो ‘एरिक’ नावाचा, विल्यम ॲटकिन या अमेरिकन माणसाने नॉर्वेच्या कॉलिन आर्चरच्या बचाव बोटींवरून काढलेला. बदलून घेण्यात वेळ गेला असता म्हणून तोच बांधला. १४ जून १९६८ रोजी तो फालमथहून निघाला आणि २२ एप्रिल १९६९ रोजी कुठेही न थांबता तिथेच परतला. एकट्याने न थांबता जगाला फेरी मारायच्या या गोल्डन ग्लोब शर्यतीत नऊ जण होते, पोहोचला तो एकटा. फुल कीलच्या बोटींत सगळ्यात गाजलेली बोट ही निवडलेली नव्हतीच. तीन-तीन महिने तक्ते घोकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

त्याच आराखड्याच्या घराण्यातली फायबरची बोट म्हणजे वेस्टसेल ३२. ऑक्टोबर १९९१च्या, ‘परफेक्ट स्टॉर्म’ म्हणून कुप्रसिद्ध झालेल्या वादळात ‘सटोरी’ नावाच्या वेस्टसेलवरच्या माणसांना तटरक्षक दलाने उचललं आणि बोट तशीच सोडून दिली. काही दिवसांनी ती आमच्या मेरीलँडच्याच किनाऱ्यावर, असाटीग बेटाच्या वाळूत, धडधाकट सापडली. पुढे पुन्हा पाण्यात गेली. ही गोष्ट इथला प्रत्येक फुल कीलवाला दुसऱ्या बिअरला सांगतो. आपल्या भारतीय अभिलाष टॉमी यांची मात्र कुणी सांगत नाही. २०१८च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत त्यांची ‘थुरिया’ गोव्यात बांधलेली, ‘सुहैली’चीच प्रतिकृती. २१ सप्टेंबरला हिंदी महासागराच्या दक्षिणेत तिच्या डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीच्या मणक्याला जबर दुखापत झाली आणि तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने त्यांना बाहेर काढलं. पुढच्या शर्यतीत, २०२३च्या एप्रिलमध्ये, ते रस्टलर ३६ मधून दुसरे आले. तीही फुल कील. म्हणजे कील हा ताईत नाही. तिच्याकडून काय मागायचं याची मर्यादा ठाऊक असली की बरं.

तर तक्त्यांतून गाळून तीन बोटी उरल्या: पीअरसन ट्रायटन, अल्बर्ग ३० आणि केप डोरी २५डी. तिन्ही एकाच माणसाच्या हातच्या. कार्ल अल्बर्ग हा स्वीडनचा. अमेरिकेत येऊन जॉन आल्डनच्या कार्यालयात तयार झाला. फायबरग्लास नवीन होतं त्या काळात त्याने लहान कुटुंबांसाठी अरुंद, जड, दोन्ही टोकं पाण्याबाहेर लांब काढलेल्या बोटी आखल्या. ट्रायटन १९५९च्या न्यूयॉर्क बोट प्रदर्शनात आली, किंमत दहा हजार डॉलरच्या आत, आणि पुढच्या काही वर्षांत सातशेच्या वर खपली. अल्बर्ग ३० कॅनडातल्या व्हिटबी कंपनीची, १९६२पासूनची. केप डोरी मॅसॅच्युसेट्सची, आमच्या यादीतली १९८३ची.

ट्रायटन साडेअठ्ठावीस फूट, अल्बर्ग तीस, केप डोरी पंचवीस. ऐकायला अंतर मोठं वाटतं. पण अशा बोटीचा वेग तिच्या पाण्याच्या रेषेवरच्या लांबीवर ठरतो, आणि ती अनुक्रमे साडेवीस, पावणेबावीस आणि एकोणीस फूट. त्या काळच्या शर्यतींच्या नियमांत पाण्यावरची लांबी जास्त तर दंड जास्त, म्हणून टोकं वर उचललेली. बोट कलली की ती टोकं पाण्यात येतात आणि लांबी फुकटात वाढते, हा त्यातला चाणाक्षपणा. हिशेब केला तर कमाल वेग ट्रायटनचा सहा नॉट, म्हणजे तासाला सहा सागरी मैल, अल्बर्गचा सव्वासहा, केप डोरीचा पावणेसहाच्या किंचित वर. पाच फूट लांबीमागे अर्धा नॉटसुद्धा नाही. तिन्ही सुरुवातीला पटकन कलतात, नवख्याचा जीव घशात येतो, आणि मग वीसेक अंशांवर जाऊन घट्ट बसतात. तिन्ही वारा वाढला की टिलर ओढतात आणि शीड वेळेवर आखडायला लावतात. समुद्राचं म्हणाल तर ट्रायटनमधून एकाने जगाच्या दोन फेऱ्या मारल्या आहेत. अल्बर्ग ३० मधून क्वेबेकच्या इव्ह जेलिना यांनी १९८१ ते १९८३ दरम्यान एकट्याने केप हॉर्नला वळसा घातला, तोही वाटेत डोलकाठी मोडून न्यूझीलंडजवळच्या चॅटम बेटांवर दुरुस्ती करून. आकड्यांवरून या तिघींत निवड होत नाही. फेब्रुवारीत तक्ते मिटले आणि बोटी बघायला निघाले.

ट्रायटन उपसागराच्या पलीकडच्या तीरावर, रॉक हॉलजवळ ठोकळ्यांवर उभी होती. साठ वर्षांची बोट, पण लांबून बघितली की तिचं पुढचं टोक काळजात घुसतं. डेकला ताजा पांढरा रंग. मालक तरुण, बोलका. नवी शिडं, नवा रेडिओ, मोबाइलला जोडलेला नकाशा, सगळं उत्साहाने दाखवत होता. मी खिशातून प्लॅस्टिकच्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर काढला आणि उलटा धरून डेकवर ठोकत निघाले. त्याचा चेहरा जरा उतरला.

मडकं वाजवून घ्यावं म्हणतात, ते इथे अक्षरशः करावं लागतं. या बोटींचा खालचा भाग सलग फायबरचा, आणि तो भलताच जाड. फायबर किती टिकतं याचा तेव्हा कुणालाच पुरता भरवसा नव्हता, म्हणून थरावर थर दिले. डेक मात्र हलका हवा, म्हणून तो दुपदरी: वर फायबर, खाली फायबर, मध्ये बल्सा लाकूड. अल्बर्गच्या सुरुवातीच्या काही बोटींत तर लाकडाऐवजी मेसोनाइट, म्हणजे लाकडाच्या तंतूंचा दाबलेला पुठ्ठा. मग त्या डेकला भोकं पाडून कठड्याचे खांब, दोर बांधायच्या खुंट्या, रूळ बसवले. प्रत्येक स्क्रूभोवती थोडं सीलंट. सीलंट दहा वर्षांत वाळतं. तिथून पावसाचा थेंब आत जातो आणि बाहेर यायला वाट नसते. दोन पदरांच्या मध्ये बल्सा कुजत राहतो आणि वरून रंग चकचकीत. धड जागी स्क्रूड्रायव्हर ‘टक’ वाजतो, कुजक्या जागी ‘भद’. ट्रायटनच्या मागच्या बाजूला टक, टक, टक. कठड्याच्या पहिल्या खांबापाशी भद. तिथून पुढे डोलकाठीपर्यंत भदच. जिथे आवाज बदलत होता तिथे मी मास्किंग टेपचे तुकडे लावत गेले. शेवटी पुढच्या डेकवर टेपने एक मोठं बेट तयार झालं.

खाली उतरले तर पुढच्या खोलीचं दार पुरतं लागेना. या बोटींत डोलकाठी डेकवर उभी असते आणि तिचं ओझं त्या दाराच्या वरच्या तुळईवर येतं. दार अडकतंय म्हणजे तुळई दबली आहे. तो म्हणाला, दमटपणामुळे लाकूड फुगलंय. असेलही. पण पुढच्या पाच वर्षांचा पैसा त्याने नव्या वस्तूंवर घातला होता आणि पाणी जिथून येत होतं तिथे रंग मारला होता. डेक उघडायचा म्हणजे वरचा पदर कापून काढायचा, काळा चिखल खरवडायचा, नवा बल्सा, इपॉक्सी, पुन्हा फायबर, पुन्हा घासणं. अख्खा उन्हाळा जातो, आणि तोही अंगाला खाज सुटत. साडेतीन हजार डॉलर मागत होता. फुकट दिली असती तरी महाग.

रात्री उरणला फोन लावला. बाबांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘तळ बघितलास का?’’

‘‘बाबा, तळ ठीक असतो हो. फायबरच्या बोटीत पाणी वरून येतं.’’

हे त्यांना पटायला वेळ लागला. लाकडाच्या मचव्यात पाणी खालून येतं, फळ्यांच्या सांध्यांतून, आणि ते दिसतं. मग म्हणाले, ‘‘बरं, इंजिनाखाली हात घालून बघ. तेल अगदी पुसून ठेवलं असेल तर मालक लबाड. साचलेलं असेल तर आळशी.’’

‘‘आणि थोडंसं असेल तर?’’

‘‘तर माणूस वापरतो बोट. त्याच्याशी बोल.’’

केप डोरी ॲनापोलिसच्या दक्षिणेला होती, दलालामार्फत. बांधणीत ती ट्रायटनच्या दोन पावलं पुढे. ब्राँझच्या खिडक्या, ब्राँझचे व्हॉल्व्ह, सागवान, लहानसं डिझेल इंजिन. साडेतीन फूट पाणी पुरतं, म्हणजे कुठल्याही खाडीत शिरावं. मरीनाचं भाडं फुटावर असतं, त्यामुळे तिथेही बचत. मी जवळपास ठरवलंच होतं. पण तळाचे व्हॉल्व्ह फिरवायला गेले तर एकही हलेना. ते दरवर्षी उघडून, ग्रीस लावून, परत बसवायचे असतात. मालकाने कित्येक वर्षांत हात लावलेला नव्हता. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा जिथे डेकला बांधतात तिथे खालच्या बाजूने साध्या पोलादाच्या पट्ट्या आहेत. त्या गंजून भिंतीवर तपकिरी ओघळ उतरला होता. इंजिन फारच कमी तास चाललेलं, आणि दलाल ते कौतुकाने सांगत होता. दहा-दहा महिने बंद राहणारं डिझेल इंजिन हे कौतुक नाही. इंजिनाखाली हात घातला, स्वच्छ पुसलेलं. शिवाय या बोटीत पुढचा सगळा भाग संडासाला दिलेला आहे. दोघांना ती चैन आहे, पण मुलगी यायची म्हटली की झोपायला तिला मधल्या बाकावर, आमच्या पायांशी. मागितलेली किंमत तिघींत सगळ्यात जास्त.

अल्बर्ग ३० मला नकोच होती. नऊ हजार पौंडांचं धूड, सव्वाचार फूट पाणी, शिडाखालची लांबलचक आडवी काठी, आणि भाडं तीस फुटांचं. डील नावाच्या गावी दुसऱ्या कामासाठी गेले होते म्हणून बघितली. मालक निवृत्त शाळामास्तर, रसायनशास्त्राचे. गुडघे गेले म्हणून विकताहेत. मी स्क्रूड्रायव्हर काढला तेव्हा ते म्हणाले, ‘‘डाव्या बाजूला दुसऱ्या खांबाजवळ ठोक, तिथे खराब आहे. तळहाताएवढं. बाकी ठीक असावं, पण माझ्यावर विश्वास ठेवू नकोस.’’ ठोकलं. तळहाताएवढंच होतं.

मग त्यांनी वह्या काढल्या. शाळेतल्या, रेघांच्या. प्रत्येक वसंतात काय काढलं, काय घातलं, कोणता स्क्रू, कोणतं सीलंट, किती पैसे. १९९९ साली पुढचा डेक उघडला होता त्याचे फोटो चिकटवलेले, कुजक्या बल्साच्या मुठीसकट. त्यानंतर डेकवरचं प्रत्येक भोक त्यांनी मोठं करून इपॉक्सीने बुजवलं आणि त्या इपॉक्सीतून नवं भोक पाडलं. म्हणजे सीलंट वाळलं तरी पाणी लाकडाला शिवत नाही. काम कंटाळवाणं आहे, वरून काही दिसत नाही, आणि विकताना त्याचा एक डॉलर जास्त मिळत नाही. डोलकाठीखालची तुळई तडकली होती, ही या बोटींची जुनी खोड. तिला पोलादाची जोड दिलेली. पेट्रोलवरचं जुनं ॲटॉमिक फोर इंजिन काढून डिझेल बसवलेलं. एका पानावर एक ओळ नुसतीच खोडली होती आणि शेजारी लिहिलं होतं, ‘मूर्खपणा, परत करायचं’. खाली पुढच्या वर्षीच्या शाईत ‘केलं’. शेवटच्या वहीचं शेवटचं पान होतं ‘राहिलेलं’. त्यात सुकाणूच्या खालच्या खोबणीचे बोल्ट होते, खिडक्यांचे रबर होते, डाव्या बाजूचा दुसरा खांब होता.

मी इंजिनाखाली हात घातला. बोटांना थोडं तेल लागलं.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘‘म्हणजे चार महिने तू कीलचा अभ्यास केलास आणि घेतेयस ती वही.’’ त्याचं मत निम्म्याने धरते म्हटलं ना, पण या वेळी पुरतं धरलं. अल्बर्गने तिघींनाही चांगलाच तळ दिला होता. त्यानंतरच्या चाळीस ते साठ वर्षांत कुणाच्या हातात पडल्या, एवढाच फरक उरला होता. आधीच्या मालकाची बोट आपण घेतो, आराखडा काढणाऱ्याची नाही.

एप्रिलमध्ये ती पाण्यात उतरली आणि बोट तपासणारा सर्व्हेअर आला. त्याच्या अहवालात बरीच कलमं निघाली, आणि बहुतेक सगळी मास्तरांच्या ‘राहिलेलं’मध्ये आधीच होती. उरलेल्यांवर घासाघीस झाली. मास्तर सरळ माणूस, एकेक कलम वाचून मान हलवत होते. बॅटरीची वायर, बरोबर. नांगराच्या साखळीचा गंज, बरोबर. त्याचे पैसे कमी केले. शेवटचं कलम वाचून मात्र ते भडकले. लिहिलं होतं, पंख्याचा दांडा तळातून बाहेर पडतो तिथे पाण्याची गळती. ते म्हणाले, ‘‘ही गळती नाही. दांडा फिरत असताना तिथे मिनिटाला दोन-तीन थेंब पडायलाच हवेत, नाहीतर तो तापतो. अगदी कोरडा करून देऊ का? मग जुलैत फोन करशील.’’ सर्व्हेअर म्हणाला, अहवालात लिहावंच लागतं. दोघे धक्क्यावर उभं राहून भांडले.

मी जरा बाजूला जाऊन बाबांना फोन केला. उरणला रात्रीचे अकरा वाजून गेले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘म्हातारा बरोबर बोलतोय. पण बोट बांधून ठेवल्यावर थेंब थांबतो का, ते विचार.’’ विचारलं. मास्तरांनी मला बिल्जमध्ये, म्हणजे तळाच्या पोकळीत, टॉर्च मारून दाखवलं, थांबला होता. त्या कलमाचे पैसे मी कापले नाहीत.